ओट्यावरची दाढी

शेजाऱ्याच्या गालांवरून एका सरकारी कर्मचाऱ्याची झोप उडावी, हे सांगायलाही बरं वाटत नाही. पण पंच्याण्णव साली माझी उडाली होती आणि ती उडवणारे गाल वासुदेवरावांचे होते.

वासुदेवराव आमचे शेजारी. वर्ध्यात त्यांचं खिळे, बिजागऱ्या आणि कुलपांचं दुकान. दुकानाची वेळ नऊची, त्यामुळे सकाळ मोकळी. ते बरोबर पावणेसात वाजता ओट्यावर खुर्ची आणून ठेवत, खिडकीच्या गजाला आरसा अडकवत, पितळेच्या वाटीत ब्रशने साबण घुसळत आणि त्यांच्या वडिलांचा, हाडाच्या मुठीचा वस्तरा काढत. मग खुंटीला टांगलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर तो वस्तरा सटासट फिरायचा. तो आवाज थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचा.

"भाऊजींची दाढी सुरू झाली," आमची जया म्हणायची, "दूध उतरवाले पाह्यजे."

म्हणजे वासुदेवरावांच्या दाढीवर आमच्या घरचं दूध उतरत होतं. माझी दाढी न्हाणीत, मिणमिणत्या बल्बखाली, प्लास्टिकच्या रेझरने व्हायची. तिच्यावर घरातलं काहीच अवलंबून नव्हतं. शिवाय माझी दाढी पडली राठ. सकाळी केलेली दाढी दुपारी चारला, फायलीवर कोपर टेकून गालाला हात लावून बसलो, की तळहाताला टोचायची.

तरी मी सहन केलं असतं. पण एका संध्याकाळी समोरच्या शकुंतलाबाई आमच्याकडे विरजण मागायला आल्या आणि दोघी दारात बोलत उभ्या राहिल्या. मी आत पेपर वाचत होतो, म्हणजे ऐकत होतो.

"त्या उस्तऱ्याचीच करामत हाय थे," शकुंतलाबाई म्हणाल्या. "आताच्या पत्तीनं अशी दाढी होतच नाई."

"हो नं," जया म्हणाली. "भाऊजींचे गाल पाहा, ताज्या वांग्यासारखे तुकतुकीत."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत जयाने मला फक्त एका भाजीची उपमा दिली होती आणि ती फणसाची होती. मी पेपर घडी करून ठेवला आणि ठरवलं की वस्तरा आणायचा. तोही वासुदेवरावांच्या वस्तऱ्याहून जुना.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर अण्णाजी बसत. जगात ज्या गोष्टी कुठेच मिळत नाहीत त्या नेमक्या कोणाकडे आहेत, हे अण्णाजींना माहीत असे. मी विषय काढला तशी त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"आंजीले जा," ते म्हणाले. "मोठ्या आंजीले. तिथं कुसुमबाई म्हणून हाय, भाजीचा मळा हाय तिचा. तिचा सासरा म्हणे इंग्रजाच्या पलटणीत होता. त्याचा उस्तरा तिच्याजवळ असला पाह्यजे. पण बाई कडक हाय. नमस्कार करून बोलजो."

मी एका दिवसाची किरकोळ रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती अडचण' लिहिलं. साहेबांनी विचारलं, "काय अडचण?" आता वरिष्ठांना शेजाऱ्याचे गाल कसे सांगणार? मी म्हणालो, "नाजूक आहे." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि रजा मंजूर केली. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातली निम्मी माणसं माझ्याशी हळू आवाजात बोलू लागली. एकाने तर "वहिनी माहेरी गेल्या का" असंही विचारलं. एका वस्तऱ्यापायी माझ्या संसाराची ही शोभा.

कुसुमबाई मळ्यातच भेटल्या. साठीच्या पुढच्या, सुती नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, समोर मेथीचा ढीग. जुडी बांधायची, सुतळीला गाठ मारायची आणि उरलेलं टोक कापायचं, असं त्यांचं चाललं होतं. कापत होत्या ती वस्तू मी पाहिली आणि जागच्या जागी थांबलो. लांब पातं, काळी शिंगाची मूठ, पात्यावर झिजून गेलेली कसलीशी मोहोर. पलटणीतला वस्तरा मेथीच्या जुड्यांवर चालत होता.

मी नमस्कार केला आणि कशासाठी आलो ते सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही.

"दाढी करासाठी पाह्यजे?" त्यांनी विचारलं. "वर्ध्यात दाढी करणारे मेले का सगळे?"

"तसं नाही. स्वतःच्या हाताने करायची इच्छा आहे."

"काऊन?"

'का' या एका शब्दाला उत्तर देणं फार अवघड असतं. मी खूप गोल फिरून बोललो, परंपरा म्हणालो, जुन्या पोलादाची गोष्ट काढली. कुसुमबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"शेजारी करते काय कोणी?" त्या म्हणाल्या.

बाई कडक आहेत एवढंच अण्णाजींनी सांगितलं होतं. आरपार बघतात, हे सांगितलं नव्हतं.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "पैसे नाई पाह्यजे मले. याच्याऐवजी सुतळी कापाले दुसरं काई तरी आणून द्या. अन् हे पाहा भाऊ, याच्यावर हात बसू द्या आधी. एकदम तोंडाले लावू नका. माह्या सासऱ्यानंबी पयले कोहळ्यावर हात बसवला होता."

त्यांनी वेलीवरचं एक कोवळं कोहळं तोडलं. कोवळ्या कोहळ्यावर बारीक पांढरी लव असते, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. "याची दाढी करा," कुसुमबाई म्हणाल्या. "साल नाई निघाली पाह्यजे. साल निघाली म्हणजे तुमची निघाली असं समजा."

मी गावातल्या दुकानातून एक चांगला विळा आणून त्यांना दिला आणि परतीची बस धरली. मांडीवर कोहळं, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला वस्तरा. वाटेत एका खड्ड्यात बस आदळली, कागद फाटला आणि पातं बाहेर आलं. शेजारचा माणूस माझ्याकडे एकदा आणि पात्याकडे एकदा पाहून उठला आणि उरलेला प्रवास त्याने दांडीला धरून उभ्याने केला. कंडक्टर आला.

"काय हाय हे?"

"उस्तरा."

"अन् हे?"

"कोहळं."

"कायले पाह्यजे दोन्ही?"

खरं सांगितलं तर पटणार नव्हतं. पण दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी खरंच सांगितलं. कंडक्टरने पुढच्या दाराजवळची, एकट्या माणसाची सीट दाखवली आणि मला तिथे जाऊन बसायला सांगितलं.

वस्तऱ्याला धार मात्र सुतळीपुरतीच उरली होती. चौकातल्या मोतीलालकडे गेलो. मोतीलालचं कटिंगचं दुकान तीन पिढ्यांचं. आता तो अर्धी पत्ती अडकवायचा वस्तरा वापरतो, पण वडिलांचा दगड त्याने जपून ठेवला होता. त्याने माझा वस्तरा उजेडात धरला, नखावर पातं टेकवून पाहिलं.

"जात चांगली हाय," तो म्हणाला. "पण यानं भाजीतच दिवस काढले. आठ दिवस लागतील. अन् भाऊ, मी सांगू का? दाढी मीच करून देतो."

"मला स्वतः करायची आहे."

"बाबानं मले दोन वर्षं मडक्यावर साबण लावून उस्तरा फिरवाले लावला होता. दोन वर्षं. मंग पयला माणूस दिला, अन् थोबी माहा काकाच होता."

मी म्हणालो, "माझ्याकडे कोहळं आहे." यावर मोतीलालने वस्तरा फडक्यात गुंडाळून आत ठेवला.

आठ दिवसांनी वस्तरा आला तो असा, की नुसता हवेत फिरवला तरी हवा दोन भागांत गेल्यासारखी वाटावी. दरम्यान आणखी एक गोष्ट घडली. त्या वर्षी मतदारांचे फोटो काढून ओळखपत्रं देण्याचं काम सुरू झालं होतं आणि आमच्या भागाची तारीख लागली: येत्या रविवारी, सकाळी नऊपासून, जवळच्या शाळेत.

"आता हा फोटो जन्मभर राहीन म्हणते," जया म्हणाली. "चांगली तयारी करून जाजा. वासुदेव भाऊजींचा तर काय, कसाबी काढला तरी चांगलाच येते."

झालं. यादीत घर क्रमांकाने वासुदेवरावांच्या लगेच खाली माझं नाव होतं. सरकारी दप्तरात त्यांच्या गालांखाली माझे गाल, जन्मभर. मी ठरवलं की पहिली दाढी त्याच रविवारी आणि ओट्यावरच.

हातात पाच दिवस होते. रोज ऑफिसातून आलो की मी ओट्यावर बसून कोहळ्याला साबण लावायचो. गल्लीने सुरुवातीला दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी शकुंतलाबाई खुर्ची घेऊनच आल्या.

"देठाकडून खाली फिरवा," त्या म्हणाल्या. "माहे सासरे तसेच करत."

"कोहळ्याची?"

"नाई, आपली."

वासुदेवरावही एकदा येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत. नुसते हात मागे बांधून पाहत होते. त्यांचा तो शांतपणा मला फार लागला. ज्याच्याजवळ आहे त्याला असं शांत राहणं परवडतं. मी आणखी जोर लावला. शनिवारी कोहळं असं गुळगुळीत झालं की त्यात आरशासारखं तोंड दिसेल. साल एका जागीच निघाली होती आणि ती बाजू मी भिंतीकडे केली होती. जयाने त्या कोहळ्याची भाजी करायला साफ नकार दिला. तिचं म्हणणं, साबण आत गेला असणार.

रविवारी पावणेसातला दोन ओट्यांवर दोन खुर्च्या लागल्या. दोन आरसे, दोन वाट्या, दोन पट्टे. माझा पट्टा म्हणजे जुना कमरपट्टा होता, पण त्याचाही सट असा आवाज आला. आत जयाने दूध उतरवलं. ते माझ्या आवाजावर उतरवलं की त्यांच्या, हे कळायला मार्ग नव्हता. मी माझ्यावर धरलं.

उजवा गाल उत्तम झाला. इतका की माझा माझ्यावर विश्वास बसेना. डाव्या गालावर एक लहानसा ओरखडा आला, पण तेवढं मोठ्या कामात चालतं. हनुवटी अवघड असते. कोहळ्याला हनुवटी नसल्यामुळे माझा तिथला अभ्यास कच्चा राहिला होता. दोन जागी रक्त आलं. तरी मी खूश होतो. उरली होती मिशीची कड.

इथे माझ्या मिशीबद्दल सांगायला हवं. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून ती माझ्या तोंडावर होती. दाट, काळी, दोन्ही टोकांना किंचित वर गेलेली. तिची निगा अशी मी कधी घेतली नव्हती. नाकाची जशी घेत नाही, तशीच. ती होती आणि असणार होती.

मी वस्तरा मिशीच्या डाव्या कडेला टेकवला आणि नेमका त्याच क्षणी मला वासुदेवरावांना बघायचा मोह झाला. ते माझ्याकडे पाहतात की नाही, एवढंच मला पाहायचं होतं. मी मान वळवली. हात वळला नाही.

ते माझ्याकडेच पाहत होते. त्यांचा ब्रश हवेत थांबलेला होता आणि तोंड थोडं उघडं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं की काहीतरी झालं आहे. आरशात पाहिलं तर डावीकडची मिशी एक तृतीयांश गेलेली.

यावर उपाय एकच, उजवी बाजू तेवढीच करणं. ती केली, तर उजवी जास्त गेली. मग डावी. मग पुन्हा उजवी. असं करत करत नाकाखाली दोन बोटं रुंदीची एक चौकट उरली. त्या रुंदीची मिशी ठेवून सरकारी ओळखपत्रावर जन्मभर राहणं शक्य नव्हतं. मी डोळे मिटून, म्हणजे एकच डोळा मिटून, तीही काढून टाकली.

आत गेलो. जयाने चहाचा कप माझ्यापुढे धरला आणि धरूनच राहिली.

"तुमचा ओठ असा हाय व्हय," ती म्हणाली.

एकोणीस वर्षांच्या संसारात तिने माझा वरचा ओठ कधी पाहिला नव्हता. आम्ही दोघं थोडा वेळ अवघडून उभे राहिलो.

"तुमच्या मोठ्या मामासारखे दिसून राह्यले तुम्ही," ती शेवटी म्हणाली. माझा मोठा मामा तिला पहिल्यापासून आवडत नाही.

शाळेत लांब रांग होती. वासुदेवराव माझ्या पुढे उभे होते, पांढऱ्या शर्टात, गाल वांग्यासारखे. तुरटी लावूनही रक्त थांबत नव्हतं म्हणून मी हनुवटीवर वर्तमानपत्राचे दोन तुकडे चिकटवले होते आणि वर रुमाल धरला होता. त्यांचा नंबर आला, ते बसले, एका मिनिटात उठले. मी बसलो.

"रुमाल काढा," कॅमेऱ्यामागचा माणूस म्हणाला.

काढला.

"कागद काढा."

"रक्त येईल."

"कागदासहित फोटो चालत नाई साहेब. त्यावर 'आवक' लिहिलेलं दिसून राह्यलं."

बाजारभावाच्या पानातला तुकडा होता तो, कापसाची आवक. मी काढला. रक्त आलं. त्याने यादी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "हसू नका." मी हसत नव्हतो. इतकी वर्षं झाकलेला ओठ उघडा पडल्यावर तो कसा धरायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं, एवढंच. फोटो निघाला.

बाहेर वासुदेवराव थांबले होते. मला ते नको होते. पण एकाच गल्लीत जायचं असल्यामुळे आम्ही बरोबर चालू लागलो. रेल्वे फाटक बंद होतं तिथे आम्ही थांबलो आणि वासुदेवरावांनी विचारलं,

"हेमराजभाऊ, काऊन काढली जी?"

"काढली नाही. गेली."

"अशी कशी जाते?"

मालगाडी जायला लागली. लांब होती. मी थकलो होतो, हनुवटी झोंबत होती आणि माझ्यात लपवायला काही उरलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. गाल सांगितले, वांगं सांगितलं, रजा, कुसुमबाई, कोहळं, सगळं. वासुदेवराव डब्यांकडे पाहत ऐकत होते.

"मले दाढी येतच नाई," ते म्हणाले.

मला वाटलं गाडीच्या आवाजात चुकीचं ऐकलं.

"हनुवटीले चार केस हायेत. थे आठवड्यातून एकदा चिमट्यानं काढतो. बाकी काईच नाई. पहिल्यापासून नाई."

"मग रोजचं ते सगळं?"

"उलट्या बाजूनं फिरवतो. पाठीकडून. धारबी नाई त्याले." ते थोडं थांबले. "बाबा ओट्यावर करत. थे गेल्यावर खुर्ची रिकामी राहू देणं बरं नाई वाटलं. अन् माणसाले दाढी येत नाई म्हटलं का लोक काय काय बोलते, तुमाले मालूम हाय. घरी हिले माहीत हाय. अन् आता तुमाले. गल्लीत सांगू नका."

मी शब्द दिला आणि तो पाळला. आता हे सांगतो आहे, पण ही गल्ली नव्हे असं मी धरून चाललो आहे.

गाडीचा शेवटचा डबा गेला. फाटक उघडलं, सायकली सुटल्या, पण वासुदेवराव जागेवरून हलले नाहीत.

"बारा वर्षं झाली तुम्हाले आमच्या बाजूले राहाले येऊन," ते म्हणाले. "तुम्ही साडेनवाले सायकल काढता, एक पाय पॅडलवर ठेवता अन् मिशीवरून असं बोट फिरवता. रोज. मी तेवढ्यासाठी दुकानात उशिरा जातो. नऊचं दुकान मी पावणेदहाले उघडतो. मनात म्हणतो, देवानं या माणसाले काय दिलं, अन् याले त्याची खबरबी नाई."

मला खरंच खबर नव्हती. बोट फिरवतो हेही मला माहीत नव्हतं.

"अन् तुम्ही थे कोहळ्यावर हात बसवून राह्यले होते," वासुदेवराव म्हणाले, "तेव्हा मले वाटलं सांगावं, भाऊ, मिशीपाशी जपा. पण जीभ उचलली नाई. खरं सांगू का? मनातून वाटलं, गेली तर जाऊ दे." त्यांचा आवाज बारीक झाला. "अन् गेली नं जी."

माणसाला राग यायला हवा अशीच ही गोष्ट होती. माझ्या मनात मात्र भलतंच चाललं होतं. बारा वर्षं कोणीतरी माझ्यावर जळत होतं. रोज, वेळ लावून, दुकान बंद ठेवून. आणि हे मला कळलं ते मिशी गेल्यानंतर अडीच तासांनी. इतका आनंद आणि इतकं दुःख एकाच वेळी मला त्याआधी कधी झालं नव्हतं.

"सायकलवरचं पुन्हा सांगा," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा सांगितलं.

वस्तरा मी मोतीलालला देऊन टाकला आणि न्हाणीत परत गेलो. वासुदेवरावांची ओट्यावरची दाढी चालूच राहिली आणि जया त्यांच्या गालांचं कौतुक करतच राहिली. ते ऐकताना माझ्या जिभेच्या टोकावर एक वाक्य यायचं. मी ते चहाबरोबर गिळायचो. शब्द पाळणं म्हणजे काय, हे मी त्या दिवसांत शिकलो.

मिशी यायला चार महिने लागले. पहिला महिना गल्लीने मला सुतकात धरलं, दुसऱ्यात आजारी. पण आली ती पहिल्यापेक्षा दाट आली, असं माझं मत आहे. पुढच्या उन्हाळ्यात निवडणूक लागली. मी ओळखपत्र घेऊन त्याच शाळेत मतदानाला गेलो. टेबलामागच्या माणसाने कार्डावरचा तो ओठ पाहिला, हनुवटीवरचे दोन काळे ठिपके पाहिले, मग मला पाहिलं.

"हे तुम्हीच?"

"मीच."

"वाटत नाही. ओळखणारं कोणी आहे का?"

मागे वळून पाहिलं तर रांगेत चौथ्या नंबरवर वासुदेवराव होते. त्यांना पुढे बोलावलं. त्या माणसाने विचारलं, "यांना ओळखता? नीट पाहून सांगा."

वासुदेवराव माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि नीट पाहू लागले. डावीकडून पाहिलं. उजवीकडून पाहिलं. मागची रांग चुळबुळ करायला लागली. टेबलामागच्या माणसाने पेन आपटलं. वासुदेवरावांना घाई नव्हती.

मीही मान थोडी उजेडाकडे वळवून उभा राहिलो.